प्रभुभोजनाची भाकर

यमुनाबाईंनी डाव्या हाताने परात सुनेपुढे सरकवली आणि अगदी सहज म्हणाल्या, "उद्याची भाकर या वेळी तू कर, हिरा. माझ्या हातून आता मळणं व्हायचं नाही."

चर्चमधल्या प्रभुभोजनाची बिनखमिराची भाकर वर्षानुवर्षं यमुनाबाईंच्याच घरून जात असे. आणि आज ती करायची कुणी, तर नाताळापासून जिला त्या भाकरीचा तुकडा घ्यायचंही धाडस झालं नव्हतं, त्या हिराने! पाप लपवून वा मनात अढी ठेवून ती भाकर घेऊ नये, म्हणून दर वेळी ती शेवटच्या बाकावर बसून राही आणि सासूबाई बिचाऱ्या समजत, पोरीचं डोकं दुखतंय.

कल्याणीनगरच्या एका काचेच्या इमारतीत हिराला नोकरी लागली, मग घरात फ्रिज आला, बिबवेवाडीत हा फ्लॅट आला. नवरा-बायकोचं बोलणं तेवढं घरातून निघून गेलं. समाधान कारखान्यातून दमून येई, मुकाट्याने जेवून झोपी जाई. ऑफिसातला दत्तप्रसाद मात्र न चुकता विचारायचा, "जेवलीस का?" एवढ्याशा विचारण्याला ती भुलली, आणि नाताळाआधी एका दुपारी मोबाइल बंद करून त्याच्या घरी गेली... त्याच दुपारी यमुनाबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. शेजारणीने हाका ऐकल्या, पण दाराला लॅच, एक किल्ली हिराजवळ, दुसरी चाकणच्या कारखान्यात समाधानजवळ. तो येईपर्यंत म्हातारी मोडलेला हात उराशी धरून ओल्या फरशीवर कण्हत होती. हिराने सांगितलं, मीटिंगमध्ये होते. दत्तप्रसादशी तिने पुन्हा संबंध ठेवला नाही, पण सासूचा हात वाकडा जुळला तो जुळलाच, आणि त्या एका हाताने कशीबशी भाकर मळत राहिल्या.

तिने पाण्याचं भांडं उचललं आणि परत खाली ठेवलं. "आई, या हातांनी नको... तुम्ही पडलात तेव्हा मी मीटिंगमध्ये नव्हते. मी परपुरुषाच्या घरी होते."

समाधान पलीकडे प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "मी ऑफिसात फोन केला होता. तू आणि दत्तप्रसाद कधीच गेलात म्हणाले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला टाकता येईना आणि माफही करता येईना. मीसुद्धा तेव्हापासून भाकर घेतलेली नाही, हिरा. चर्चमध्ये गाण्यांना पेटी वाजवणाऱ्याकडे कोण बघतं?"

आपल्या पापाची शिक्षा आपण एकटीच भोगतो आहोत, एवढंच एक सांत्वन हिराला उरलं होतं. तेही खोटं निघालं. इतके दिवस कोंडलेलं रडू तिला आवरेना.

यमुनाबाईंनी आपल्या वाकड्या मनगटावरून डावा हात फिरवला.

"राग नाही आला म्हणाले तर खोटं होईल," त्या म्हणाल्या. "आलाय. तो माझा मी देवापाशी बघेन. पण मी आजवर भाकर केली ती काय निष्पाप होते म्हणून? डोळे पूस आणि मळायला घे." आणि डाव्या हाताने त्यांनीच पिठात पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी रांगेने वेदीकडे निघाली तेव्हा हिराही उठली. ती पुढे गेली, गुडघे टेकले, आणि चर्चच्या पाळकांनी तिच्या तळहातावर तुकडा ठेवला.

गाण्याच्या अर्ध्या कडव्यात पेटी थांबली. लोकांनी माना वळवल्या. पेटीविना गाणं अडखळत पुढे चाललं, आणि समाधान येऊन तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

"घेतलीस का?" त्याने हळूच विचारलं.

हिराने मूठ उघडली. तुकडा तसाच होता.

"तुमची वाट बघत होते," ती म्हणाली.