चार अक्षरांचा माफीनामा

विठोजी मेल्याने कारखानदार कल्लाप्पाला एक गोष्ट नक्की मिळाली: शांतता. पत्रा दाबायची नवी प्रेस हात आत असला तरी थांबत नाही, असं हा फोरमन महिनाभर मालकाच्या कानीकपाळी ओरडत होता. काल दुपारी दोनला त्याच प्रेसने त्याचं डोकं चेचलं.

प्रेत नेलं होतं, पण पत्र्यात रुतलेले कवटीचे तुकडे तसेच होते. खासगी गुप्तहेर रक्षिता घोरपडे बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या त्या कारखान्यात शिरली, तेव्हा तिचा सहकारी गुरुदत्त दारातच ओकला.

कल्लाप्पा फोनवर गिऱ्हाइकाला "सरी, सरी" म्हणत होता. फोन ठेवून त्याने सांगितलं, की सॉफ्टवेअर इंजिनियरने 'पूर्ण सुरक्षित' असं लिहून दिलं होतं. तरी विठोजीच्या हट्टापायी आज सगळ्यांसमोर चाचणी ठरवली होती.

विठोजीची बायको मथुरा एवढंच बोलली: जेवताना फोन वाजला, त्याने काहीतरी टाइप केलं आणि ताट अर्धं टाकून हसत निघाला.

इंजिनियर सुमंत दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला. काल तो मारतहळ्ळीला घरीच होता, आज चाचणीसाठी कारखान्यात आला होता. "प्रेसचं सगळं मी तिथूनच बघतो, मॅडम. एक क्लिक." त्याने फोन पुढे केला. विठोजीचा एक-चाळीसचा मेसेज, इंग्रजी अक्षरांत: एस, ए, आर, आय. त्याच्या वरचा सुमंतचा मेसेज डिलीट केलेला. टायपो होता म्हणे.

"सेन्सरशी छेडछाड केलीन, म्हणून सॉरी म्हणतोय. स्पेलिंग तर बघा," सुमंत म्हणाला.

"म्हणजे चूक त्याचीच," गुरुदत्त म्हणाला.

"गुरु, बायकोने चहा टाकू का विचारलं, तर तू काय म्हणतोस?"

"सरी..." गुरुदत्त थबकला.

"सरी. म्हणजे कानडीत बरं. माफी मागणारा हसत निघत नाही. आणि बरं म्हणण्याआधी कुणीतरी काही सांगितलेलं असतं. ते यांनी पुसलं, आणि उत्तर माफीनामा समजून जपलं. दोनला आत वाकून सेन्सर बघ, असंच काहीतरी असणार. आज चाचणी झाली असती तर यांचा सल्ला खोटा पडला असता. विठोजी वाकला, यांनी घरून क्लिक केलं."

"सिद्ध करा," सुमंत हसला.

कल्लाप्पाने सुमंतची मान धरली आणि उजवा हात प्रेसखाली दाबला. "सेफ आहे ना? तूच लिहिलंस."

"नाही थांबणार ती. मला माहीत होतं. काल मीच ती त्याच्यावर पाडली."

त्याने दिलेला हा पहिला खरा सल्ला. रक्षिता धावली, तोवर कल्लाप्पाने बटण दाबलं होतं.

पोलिसांना गुरुदत्तने मोजून सांगितलं: एक डोकं, चार बोटं. मालकाच्या मनगटांत बेड्या पडल्या. आजच्या चाचणीला फक्त पंधरा मिनिटं लागणार होती.