भिमाबाईचा आवाज

या, सरकून बसा. एका चोरीची गोष्ट सांगतो. चोर घावला, पण त्या तपासात असलेला नेकनूरचा बंकट आजबी हळहळतो.

बीडमधी शहादेव खाजगी तपास करायचा. बंकट त्याचा जोडीदार. जीप चालवायची अन चुकीच्या माणसावर पैला संशय घ्यायचा, ही त्याची दोन कामं.

एक दिवस राजश्री आली, डोळे सुजलेले. तिनं अन समाधाननं मिळून मोबाईलचा गेम केलता: ऊसतोडीला निघालेली पोरगी, अन तिला वाट दावणाऱ्या तीन म्हाताऱ्या. आवाज युसूफ वडगावच्या खऱ्या बायांचे. केशरबाई, भामाबाई अन समाधानची आई भिमाबाई. भिमाबाई औंदा वारली. गेम बाजारात यायच्या आधीच पुण्याच्या एका कंपनीनं स्टुडिओसकट इकत घेतला.

“भिमामावशीचा आवाज कुणीतरी पुसला, दादा. जपून ठेवलेल्या कॉप्यांसकट. कंपनी माझं नाव घेतीया. उद्या पोलिसात देणार.”

“पासवर्ड कुणाकडं?”

“मी, समाधान अन कंपनीचा रविराज. तिघंच.”

स्टुडिओत रविराज तणतणत हुता. “त्या आवाजावरून मशीनला बोलायला शिकवणार होतो! म्हातारीच पोरांना म्हणाली असती, ‘बाळा, गेमची नाणी विकत घे.’ सगळं पाण्यात!”

“भिमाबाईचे तुकडे कोणते, हे कसं कळायचं?” शहादेवनं इचारलं.

“नावं काढून आम्ही नुसते नंबर टाकलेत. मला तर तिघी सारख्याच वाटतात. वेगळं करायचं काम राजश्रीचं.”

बंकट पुटपुटला, “ह्योच चोर बे. थोबाड बघ की.”

समाधान कोपऱ्यात बसलता. शहादेव त्याच्याकडं वळला.

“काय काय गेलं, भाऊ?”

“आईचं सगळंच. ‘कावून रडतीस’ गेलं, ‘दमानं चाल’ गेलं. दवाखान्यातनं आल्यावरचं ‘ये बाळा’ बी गेलं.”

राजश्री दचकली. “ते मावशीचं हुतं? अगं बाई! मी आजवर केशरबाईचं समजत हुते.”

“घसा बसलता तिचा. मी एकट्यानंच घरी रेकॉर्ड केलतं.”

शहादेवनं उरलेलं सगळं राजश्रीसंगं बसून ऐकलं. केशरबाईचा, भामाबाईचा एक शब्दबी गेला न्हवता. त्यानं खुर्ची समाधानजवळ ओढली.

“रविराजनं पुसलं असतं तर तिघींचं मिळून काईबाई गेलं असतं, त्याला फरकच कळत न्हाई. राजश्रीनं पुसलं असतं तर ‘ये बाळा’ वाचलं असतं. ते भिमाबाईचं हाय हेच तिला ठाऊक न्हवतं. बसलेल्या घशातबी ती कोण, हे एकालाच ठाऊक हुतं. कावून पुसलंस, भाऊ?”

समाधाननं मान खाली घातली. “जन्मात कुणापुढं हात पसरला न्हाई तिनं. मेल्यावर लेकरांपुढं पसरायला लावत हुते.”

“अन माझं नाव आलं तवा?” राजश्री म्हणाली.

“आज सांगणार हुतो.”

“कवा रे? मला पोलिसांनी नेल्यावर?”

रविराज फोनवर तक्रारीतलं नाव बदलून घेत हुता.

जिन्यात बंकटनं समाधानला हळूच इचारलं, “एक तरी तुकडा ठेवलास का बे, मोबाईलमधी?”

“ठेवला असता तर कंपनीनं मागितला असता. तिचा आवाजच इकलाय मी.”

आता तुमी ऐका. युसूफ वडगावच्या कुण्या लग्नाला गेलता का कधी? मोबाईलमधी जुना व्हिडिओ असंल तर नीट कान देऊन बघा. मागं कुठं भिमाबाई कुणाला ‘जेवून जा’ म्हणत असंल, तर समाधानला तेवढं ऐकवा. देऊ नका, दिला की कंपनीचा हुईल. नुसता त्याच्या कानाशी धरा.