सव्वा फुटाचा बाप्पा

चिखलोलीच्या त्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, म्हणून नेत्रा जिन्याने उतरली. आणि पार्किंगमध्ये तिला डोक्याला हात लावून बसलेला, त्याच बिल्डिंगमधला दिपेश दिसला. पुढ्यात शाडूचा गणपती... जेमतेम पोटापर्यंत झालेला.

"माती संपली यार," तो म्हणाला. "गेल्या वर्षी एक फुटाच्या मूर्तीला एक पिशवी लागलेली. यंदा सोसायटीला दोन फुटांची कबूल केली, म्हणून दोन पिशव्या आणल्या. नाय झाली तर प्लास्टरची आणणार बोलतात. मग पुन्हा मला कोण विचारणार?"

चतुर्थी तोंडावर आलेली, दुकानातली मातीही संपलेली. तरी नेत्राला हसू आवरेना. उंचीसकट सगळं दुप्पट केलं तर घनफळ किती पट, हाच प्रश्न तिच्या बीएस्सीच्या होमवर्कमध्ये होता, आणि सकाळी तिनंही बेधडक 'दुप्पट' असंच लिहून तो चुकवला होता!

"सरक जरा." ती शेजारी बसली आणि मूर्तीच्या पायाशी पडलेल्या मातीचे चिमुकले चौकोनी ठोकळे करू लागली. "हा एक. आता लांबी दुप्पट कर... रुंदी पण... आणि उंची पण."

तो ठोकळ्याला ठोकळा लावत गेला. बोटांना बोटं लागली. कुणीच मागे घेतली नाहीत. मोठा ठोकळा पुरा झाला तेव्हा त्यात आठ चिमुकले होते.

"आठ पिशव्या?" दिपेशने आ वासला.

नेत्राच्या अंगावर काटा आला. बाहेरून नुसतं दुप्पट दिसणारं आत केवढं वाढतं! वहीत हे तिला कधी जाणवलंच नव्हतं.

"मग दोन पिशव्यांत केवढा होईल?" त्याने हळूच विचारलं.

तिनं मोबाईलवर आकडे लावून पाहिले. "सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा... दोनाहून जरासंच कमी! दिपेश, सव्वा फूट!"

"सव्वा?" मातीच्या हातांनीच त्याने नमस्कार केला. "शुभ आकडा काढला बघ बाप्पानं!"

'सव्वा' ऐकून प्लास्टरच्या मूर्तीवर अडून बसलेले सोसायटीचे हरिचंद्रकाकाही विरघळले. दिपेशने अर्धी मूर्ती मोडून माती पुन्हा मळली, आणि चतुर्थीच्या आदल्या दुपारी मूर्ती उभी राहिली. उरलेल्या चिमूटभर मातीचा नेत्राने उंदीर केला.

"नेत्रा... गेल्या वर्षी तू जिन्यात नुसती हसायचीस. यंदा थोडंसंच जास्त बोललो आपण. पण आत—"

"आत काय?"

"आठपट झालंय."

ती लाजली, पण नजर हटवली नाही. "आणि माझं कुठे धरलंस त्यात?"

तिनं उंदीर त्याच्या तळहातावर ठेवला, आणि आपला हात तिथेच राहू दिला.