पेपीकची कात

ट्राममध्ये ब्लांकाच्या मांडीवर काचेची पेटी होती आणि पेटीवर जुना टॉवेल. बाहेर ओलोमोउत्स शहराच्या गल्ल्यांवर शरदातला बारीक पाऊस भुरभुरत होता. वळणावर टॉवेल घसरला, तसा शेजारचा तरुण पेटीवर वाकला आणि वर यायचं विसरूनच गेला.

"घाबरू नका," ब्लांका म्हणाली. "मेलाय तो."

"मेला नाही. तहानलाय." पाय पोटाखाली आवळून बसलेल्या त्या केसाळ कोळ्याकडे तो बघत होता. "पाणी कधी दिलं होतंत?"

ब्लांकाने टॉवेल पुन्हा पेटीवर ओढला. पेपीक हा कोळी तिच्या जोडीदाराचा, लुबोशचा. उन्हाळा सरताना लुबोश दुसरीकडे राहायला गेला आणि कोळी हिच्या गळ्यात मारून गेला. तिने पेटीवर टॉवेल टाकला आणि त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडलं. वड्याचं तेल वांग्यावर. आज पेटी लुबोशच्या आईच्या दारात ठेवायला ती निघाली होती.

"पुढच्या थांब्यावर माझं दुकान आहे," तरुण म्हणाला. "चष्म्यांचं… पण पाणी मिळेल."

त्याचं नाव रादिम; लहानपणी त्यानेही असे कोळी पाळले होते. दुकानात त्याने बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं आणि पेपीकचं तोंड अलगद काठाशी टेकवलं. बऱ्याच वेळाने एक पाय हलला… एकच. ब्लांकाचे डोळे भरून आले.

"तुम्हीच ठेवा याला," ती म्हणाली. "माझ्या हाताला यश नाही."

"इथे ठेवला तर गिऱ्हाईक पळेल. बरा होईपर्यंत तुमच्याकडे, मग मी नेतो. कबूल?"

"कबूल."

मग तो दर शनिवारी येऊ लागला. दाराशी बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घालायचा, पेपीकच्या खाण्यासाठी डबीतून रातकिडे आणायचा. ब्लांका आलुबुखार भरलेले गोड पाव भाजून ठेवायची.

"कसा आहे पेशंट?"

"तुमच्यापेक्षा कमी खातो."

हिवाळा लागला. पेपीकचं पोट चांगलं टरारलं. तरी रादिम पेटीत डोकावून मान हलवायचा. "रंग अजून खुलला नाही… आणखी एक शनिवार बघू." तो धादांत खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. ती मुकाट्याने चहा ओतायची. पेटी गेली की हाही जाणार, आणि तो जायला नको होता. पण थांब म्हणायची तिला भीती वाटायची. ज्या बाईने एका मुक्या जिवाला घोटभर पाणी दिलं नाही, ती कुणावर काय प्रेम करणार?

एका शनिवारी सकाळी पेपीक उताणा पडलेला दिसला. पाय वर. ब्लांकाने लगेच फोन लावला.

"रादिम… गेला हो तो. या वेळी मी सगळं केलं होतं."

"हात लावू नका. निघालोच."

तो बुटांसकट आत आला, पेटीत बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसला. "अहो ब्लांकाबाई, कात टाकतोय तो. आजारी कोळ्याला हे झेपत नाही. तुम्ही इतकं जपलंत, म्हणून झेपतंय."

तिचा जीव भांड्यात पडला. दुपारभर दोघं खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसली होती. जुन्या पायांतून नवे पाय ओल्या मोज्यातून काढावेत तसे हळूहळू निघत होते. तिचा हात त्याच्या हातात कधी गेला ते दोघांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी रादिमने चिमट्याने कात उचलली, साबणाच्या पाण्यात उलगडली आणि भिंग लावलं; नर की मादी ते कातीवरूनच कळतं.

"नर असेल तर फार तर वर्षभराचा सोबती…" तो पुटपुटला आणि हसला. "पेपीक नव्हे हो, पेपीना आहे ही. अजून वीस वर्षं सहज."

"आणि आता बरी आहे? खरं सांगा."

तो भिंगाशी चाळा करत राहिला. "बरी आहे. केव्हाचीच. ठरल्याप्रमाणे… पुढच्या आठवड्यात नेतो."

"नको." ब्लांकाने पेटीवर हात ठेवला. "ती इथेच राहील. आणि तू येत जा… नाही, येत जाऊ नकोस. राहायलाच ये."

'तू' निसटून गेलं होतं. रादिमचे कान लाल झाले.

"रातकिड्यांचा डबाही येईल मग," तो सावकाश म्हणाला. "रात्रभर किरकिरतात ते. तुला झोप यायची नाही."

"मग जागू दोघं," ती म्हणाली.