वाचलं, समजलं

इलोना सेबेश्तेनचं पत्र लॉर्न कटबर्टकडे अकरा वर्षं पडून होतं. 'प्रकाश सावरायची पद्धत माझी आहे. वह्या तुझ्या ताब्यात असतात. बघून सांगशील?' लॉर्नने बघितलं नव्हतं. उत्तरही दिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी कंपनीची वकील नदीन त्रुदेल हिचा फोन आला.

"लॉर्न, लगेच या. शुक्रवारी फलक लागतोय, आणि इलोना म्हणते, त्यावर ड्यूगलचं नाव खोटं आहे."

तो फलक कशाचा, हे साऱ्या कॅनाटा गावाला ठाऊक होतं. २००५च्या वसंतात कंपनीने एक बुडालेली प्रयोगशाळा विकत घेतली, तेव्हा लोक हसले होते. समुद्राखालच्या लांब तारेत प्रकाशाचे ठोके एकमेकांत मिसळतात. ते पलीकडच्या टोकाला गणिताने वेगळे करायची पद्धत त्या खरेदीत आली. तेरा वर्षांनी कंपनी तिच्यावरच उभी होती, आणि फलक ती शोधणाऱ्याच्या नावाचा होता. यंत्रं घेतली, वह्या घेतल्या. माणसं मात्र निवडून. संशोधक ड्यूगल मॅकफीला घेतलं, वह्या-यंत्रांची नोंद ठेवणाऱ्या लॉर्नला घेतलं. इलोनाला नाही. ती टिमिन्सच्या शाळेत गणित शिकवत होती.

नदीनच्या टेबलावर दोन वह्या होत्या, शेजारी ड्यूगल बसला होता. इलोनाच्या पानावर जून २००४. यंत्राने छापलेल्या आलेखाच्या कोपऱ्यात, यंत्रानेच उमटवलेलं 'यंत्र ६'. ड्यूगलच्या पानावर फेब्रुवारी २००४. तळाशी, प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे, 'वाचलं, समजलं' आणि साक्षीदाराची सही.

"चार महिने आधी," ड्यूगल म्हणाला. "झालं समाधान, म्हातारबा? चल, बटर टार्ट खाऊ घालतो."

लॉर्नने भिंग काढलं. "आलेख त्याच दिवशीचा?"

"त्याच दिवशीचा."

"नंतर चिकटवलेला नाही?"

"नंतर कसा? सही बघ ना, अर्धी पानावर, अर्धी आलेखावर."

"यंत्र हेच, इलोनाचं?"

"एकच तर होतं. काय रे, उलटतपासणी घेतोस?"

"मग कोपऱ्यात ४१७ कसा?"

"यंत्राला नंबर असतोच की!"

"हा मी दिला, ड्यूगल. खरेदीनंतर आलेल्या प्रत्येक यंत्रात नवा नंबर भरायचं काम माझं होतं. मे २००५. त्याआधी हे यंत्र सहा नंबरचं. म्हणजे हे पान खरेदीनंतर लिहिलंयस, इलोनाची वही समोर ठेवून."

ड्यूगल लाल झाला. "आणि खाली सही कुणाची आहे, तेही सांग हिला!"

नदीनने पान वळवून पाहिलं.

"माझी," लॉर्न म्हणाला. त्याला मान वर करवेना. "हा म्हणाला, 'जुन्या सह्या राहिल्यात, उरकून टाक.' नऊ पानं होती. याने घातलेली तारीख मीही घातली. वाचलं एकही नाही. इलोनाचं पत्र आलं, आणि मला ती नऊ पानं आठवली. म्हणूनच वही उघडली नाही. चोरी याने केली, नदीन. झाकून मी ठेवली."

"हे लिहून द्याल?"

"देतो. आधी तिला."

टपाल कचेरीत त्याने तीन कागद फाडले. तिन्हींत सबबी होत्या. चौथ्यावर लिहिलं: 'इलोना, बघितलं. पद्धत तुझी आहे. खोट्या पानावरची सही माझी आहे. फलकावर तुझं नाव यावं म्हणून हे सगळं लेखी देतो आहे.'

पाकिटामागे आपला पत्ता घालायला त्याचा हात होईना. तिने उत्तर दिलं तर? मग त्याने पत्ता लिहिला, आणि पाकीट पेटीत टाकलं.