न पुसलेला ग्लास

तो आला तो निव्वळ आडोशाला. बाहेर पाऊस रेंगाळत होता, बारमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी नळाची बिअर भरून त्याच्यापुढे ठेवली, तोवर वरचा फेस विरूनही गेला.

"हिचा जीवच गेलाय," तो हसत म्हणाला.

"इथे असं बोलू नका," मी म्हटलं. "आत्ताच बाबा गेलेत."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मग कळलं, बिअरचे नळ दुरुस्त करणं हेच त्याचं काम. मी त्याचं नाव नळवाला ठेवलं.

गिऱ्हाईक गळत होतं. दादाने बजावलं होतं, बिअर सुधारली नाही तर बार विकणार. नळवाला येत राहिला. कधी गॅसचा दाब कमी कर, कधी पिंप जास्त गार कर, कधी नळ्या धू. फेस काही टिकेना.

"जमत नसेल तर सांगा," मी एकदा चिडवलं.

"नळ लाजतो हो... तुम्ही समोर असलात की."

"नळ, की नळवाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. मी हसू दाबत ग्लास पुसत राहिले, बाबांच्या फडक्याने. बाबा डोक्याचं तेल लागलेले हात त्यालाच पुसायचे, म्हणून फडकं रोज उकळत्या पाण्यात धुवायचे. ते गेल्यापासून मी धुतलंच नव्हतं. त्याला अजून त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता.

शनिवारी दादा सांगून गेला, सौदा ठरला, सोमवारी कुलूप. मी काउंटरवर डोकं टेकून रडत होते, तेव्हा नळवाला आला. त्याने ग्लास धुतला, न पुसता पालथा घातला. निथळल्यावर बिअर भरली. फेस वर आला... आणि तसाच राहिला.

"फडक्याला तेल आहे," तो हळूच म्हणाला. "तेल लागलं की फेस मरतो."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि गप्प बसलात? माझा बार गेला!"

"त्या दिवशी तुम्ही ते फडकं नाकाशी धरून डोळे मिटले होते... माझ्याने बोलवेना. आणि नंतर— बोललो असतो, तर परत यायला कारण उरलं नसतं."

मी तोंडाला येईल ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, हातांवरून पाणी गळत होतं. बाबा गेल्यापासून सगळे बारकडे बघत होते. माझ्याकडे एकट्या यानेच बघितलं होतं. राग होताच, पण नळवाला निघून गेला तर मला सहन होणार नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

कोणालाही हात लावू न दिलेलं ते फडकं मी त्याच्यापुढे धरलं.

"हात पुसा."

"अहो, पण हे बाबांचं—"

"पुसा म्हणते ना. आणि सोमवारी कुलूप लावताना या. मला एकटीला जमणार नाही."