लिफ्टवाल्याचं पथ्य

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. आत मी एकटी, हातात गरम सूपचं पातेलं. मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, तेवढ्यात वरचं दार सरकलं आणि एक चेहरा डोकावला. पावसात भिजलेले केस, गालावर ग्रीसचा पट्टा.

"घाबरू नका. हात द्या."

"आधी पातेलं घ्या!"

त्यानं पातेलं घेतलं, वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "यात टोमॅटो आहे?"

त्याच इमारतीत तळमजल्यावर मी आणि वहिनी जेवणाचा गाळा चालवतो. दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा तो लिफ्टवाला तिथे हजर. त्याच्या बोटांचे सांधे सुजायचे, म्हणून डॉक्टरांनी लेक्टिन, म्हणजे बिया-डाळींत असतं ते एक प्रथिन, बंद करून बघायला सांगितलेलं. घेवडा, डाळी, बटाटा, वांगं, काकडी, गहू... सगळ्यांना रजा.

"अहो, मग खाता काय? वारा?" वहिनी म्हणाली.

"पालक, कोबी, फ्लॉवर, रताळं, सोललेले बदाम... आणि टोमॅटोची साल, बिया काढून देणारं कुणी भेटलं तर—" तो माझ्याकडे बघून थांबला.

"भेटलं वाटतं," वहिनी पुटपुटली.

"बियांनी तुमचं काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

त्यानं बरणीतला घेवड्याचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. "झाडाला पळता येत नाही ना. म्हणून बाळाला कुणी खाऊ नये यासाठी ते दाण्यात पहारेकरी बसवतं. लेक्टिन म्हणजे तेच."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी हे दाणे भिजवले, शिजवले... आणि एवढ्याशा दाण्यात एवढी माया! माझे हात आपोआप जोडले गेले.

तो हसला नाही. त्यानंही डोक्यावरची टोपी काढली.

मग रोज मी त्याच्यासाठी टोमॅटो सोलू लागले.

"माझ्यासाठी एवढं?"

"गिऱ्हाईक आहात."

"फक्त...?"

मी उगाचच रिकामं पातेलं ढवळायची.

एकदा मी फ्लॉवरचं दाटसर सूप केलं. बदाम चालतात, तर काजूही चालतील, असं धरून चालले. पहिल्या घोटाला तो जरासा थबकला... आणि मग वाटी चाटूनपुसून संपवली. पुढे काही दिवस दिसलाच नाही. आला तेव्हा बोटं सुजलेली, हातात पाना धरवत नव्हता.

"काजू चालत नाहीत?"

"नाही."

"मग खाल्लंत का?"

"तुम्ही इतक्या आशेनं बघत होतात..."

माझे डोळे भरून आले. रोज जप केल्याशिवाय मी चूल पेटवत नाही; नेम पाळणं काय असतं, मला ठाऊक आहे. "माझ्यासाठी नेम मोडणारा माणूस नको मला," मी हळूच म्हटलं. "तुम्ही खरं बोलताय की माझं मन राखताय, मला कसं कळणार?"

तो मान खाली घालून निघून गेला.

"बाई गं, घालवलास!" वहिनी म्हणाली. मला घास गिळवेना.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. वहिनीनं भाजलेल्या रताळ्याचं ताट त्याच्यासमोर ठेवलं. वर सवयीनं सूर्यफुलाच्या बिया भुरभुरलेल्या. वहिनीला नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

त्यानं ताट मागे सारलं. कान लाल झालेले. "वहिनी, हे मी खाणार नाही."

वहिनीच्या हातातला डाव हवेतच राहिला. नकार इतका सुंदर असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग तो माझ्याकडे वळला. "आणखी एक खरं सांगतो. मला तुम्ही आवडता. मन राखू नका... खरं काय ते सांगा."

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, तरी माझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"खरं तेच सांगते," मी म्हटलं. "मलाही."